आरोग्य केंद्राला टाळे ठोकण्यापूर्वी

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)

सार्वजनिक आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपल्या सभांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते : “डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत.” हेच वाक्य मंत्र्यांच्या भाषणात असते, वृत्तपत्रांच्या अग्रलेखात असते. मंत्री आणि आपण एका सुरात बोलू लागलो, तर कोठेतरी आपले चुकते आहे असे समजून त्या वाक्याची तपासणी केली पाहिजे. आज मला तेवढेच करावयाचे आहे.

प्रारंभ स्वतःच्या अनुभवापासून करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका डोंगराळ तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. मंजूर पदे दोन. प्रत्यक्षात डॉक्टर एक. श्रावणातल्या एका संध्याकाळी भाताची निंदणी करणाऱ्या एका मजूर स्त्रीला घोणस चावली. अशा रुग्णाला प्रतिविषाच्या दहा कुप्या तरी प्रथम द्याव्या लागतात. माझ्या कपाटात तीन होत्या. दोन महिन्यांपूर्वी पाठविलेले मागणीपत्र “जुन्या नमुन्यात आहे” असा शेरा मारून परत आले होते. जीप दारात उभी होती, परंतु चालकाचे पद वर्षभर रिक्त होते. असलेल्या तीन कुप्या दिल्या आणि खासगी टेम्पोच्या शोधात दोन तास गेले. घाटातच तिने प्राण सोडला.

तिसऱ्या दिवशी मोर्चा आला. कॉम्रेड्स, मोर्चा आपलाच होता. हलगर्जी डॉक्टरला निलंबित करा, ही घोषणा होती. दाराला टाळे ठोकण्यात आले. आत दोन बाळंतिणी होत्या. त्यांना मागील दाराने न्यावे लागले. मी पक्षाचा हितचिंतक आहे हे मोर्चातील अनेकांना ठाऊक होते, त्यामुळे राग अधिकच होता. मी वाद घातला नाही. आवक-जावक नोंदवही तेवढी त्यांच्या हाती दिली. मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या कॉम्रेडने व्हरांड्यात बसून ती पानोपान वाचली. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर म्हणजे गरिबाचा कुटुंबवैद्य. श्रीमंताला त्याच्या आजोबांच्या मधुमेहापासून नातवाच्या गोवरापर्यंत सारे जाणणारा वैद्य पैसे देऊन मिळतो. शेतमजुराला तो शासनाने द्यावा, ही कल्पना आपल्या देशात जुनी आहे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराला वंचित राहू नये, हे तिचे सूत्र होते. दीर्घ मुदतीच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र तिने सुचविले. तात्पुरती सोय म्हणून चाळीस हजारांमागे दोन डॉक्टरांचे केंद्र. समिती क्रांतिकारकांची नव्हती, वसाहती सरकारने नेमलेली होती, हे ध्यानात घ्या. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्यासोबत ही केंद्रे आली, ती मात्र साठ हजार ते एक लाख लोकसंख्येच्या विकास गटामागे एक अशी. पुढे सपाट भागात तीस हजारांमागे व डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक हे प्रमाण ठरले. ७५ खाटा कागदावरच राहिल्या.

आता या डॉक्टरच्या वेळेचा हिशेब पाहू. सकाळी बाह्यरुग्ण विभागात शंभराच्या आसपास माणसे. बाराच्या सुमारास पोलीस शवविच्छेदनासाठी कागद घेऊन उभे. आठवड्यातून एक दिवस तालुक्याला आढावा बैठक, महिन्यातून एखादा दिवस जुन्या मारामारीच्या खटल्यात न्यायालयात साक्ष. कोणी मान्यवर दौऱ्यावर आले की ताफ्यासोबत फिरणे. जत्रा असेल तर जत्रेत तंबू. विहिरीत टीसीएल पावडर पडली की नाही, पाण्याचे नमुने गेले की नाही, आश्रमशाळेतील मुलांची तपासणी झाली की नाही, या प्रत्येकाचा खुलासा त्यानेच द्यावयाचा. आणि या सर्वांवर अहवाल. हिवतापाचा वेगळा, क्षयाचा वेगळा, माता-बालसंगोपनाचा वेगळा.

हे अहवाल का वाढतात? कारकुनांना हौस असते म्हणून नव्हे. आपली आरोग्ययंत्रणा माणसाभोवती उभी न राहता कार्यक्रमाभोवती उभी राहिली. प्रत्येक कार्यक्रमाचा निधी वरून स्वतंत्र येतो, त्याचा अधिकारी स्वतंत्र, उद्दिष्ट स्वतंत्र, म्हणून नोंदवहीही स्वतंत्र. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची शिफारस केली. हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र साऱ्या नोंदवह्या एकाच आरोग्यसेविकेच्या डोक्यावर आल्या. उद्दिष्टाचे राज्य कोठवर जाऊ शकते हे आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या वर्षाने खेड्यातील माणसाच्या मनात सरकारी दवाखान्याबद्दल जी भीती पेरली, तिचे पीक मी नोकरीला लागलो तेव्हाही उभे होते. मुलाला लस टोचायला नेले तरी आई विचारी, “दुसरं काही करणार नाही ना?” आता नोंदवह्यांबरोबर संगणकही आला. क्षयासाठी निक्षय, असंसर्गजन्य रोगांसाठी दुसरे संकेतस्थळ, लसीकरणासाठी तिसरे, औषधसाठ्यासाठी चौथे. संगणकामुळे वह्या गेल्या असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वीज गेल्यावर लिहायला वही, वीज आल्यावर भरायला संगणक, असा दुहेरी कारभार चालतो.

पैशाचे काय? २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१० पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के म्हटले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि ते वर्ष कोविडचे होते. वाढ झालीच नाही असे मी म्हणत नाही. २०१४-१५ साली हा आकडा १.१३ होता. परंतु २०१० चे उद्दिष्ट २०२२ पर्यंतही गाठले गेले नाही, आणि त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी खिशातून भरली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर केंद्रांना किरकोळ खर्च, देखभाल व रुग्ण कल्याण समिती मिळून वर्षाला पावणेदोन लाख रुपये मिळू लागले. वेतन व औषधे यांखेरीजची ही रक्कम. तीस हजारांनी भागा : माणशी सहा रुपयेही पडत नाहीत. गळके छप्पर, मोडका निर्जंतुक संच, जनरेटरचे डिझेल, सारे त्यात.

पदांची कथा वेगळी नाही. अलीकडच्या वर्षांच्या केंद्रीय आकडेवारीत प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांच्या मंजूर पदांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक रिक्त दिसतात. ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञांची तूट ८० टक्क्यांच्या घरात आहे. जी पदे भरली जातात त्यांतली पुष्कळशी कंत्राटी. अकरा महिन्यांची नेमणूक, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. आशा कार्यकर्तीला तर कर्मचारीही म्हणत नाहीत; ती “स्वयंसेविका”, तिला वेतन नाही, मोबदला. अशा माणसांकडून वीस वर्षे एकाच गावाशी नाते ठेवण्याची अपेक्षा करावयाची, आणि लाखो रुपये शुल्क भरून खासगी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणाने सेवाभावाने तेथे राहावे म्हणावयाचे! “डॉक्टर जात नाहीत” या वाक्याचा खरा कर्ता येथे सापडतो. शिक्षणाचा बाजार ज्यांनी मांडला आणि पद ज्यांनी तुटपुंजे ठेवले, ते त्या वाक्यातून अलगद निसटतात.

२०१८ साली केंद्र सरकारने रुग्णालयातील उपचारासाठी कुटुंबामागे पाच लाखांचे विमासंरक्षण आणले. ही योजना बाह्यरुग्ण उपचाराला लागू नाही. म्हणजे रक्तदाबाची गोळी केंद्रात संपलेली असेल तर योजना काही करीत नाही; गोळीअभावी पक्षाघात झाला की खासगी रुग्णालयाचे बिल भरू शकते. सार्वजनिक पैसा कोणत्या दिशेने वाहतो याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे यांना २०२३ साली “आयुष्मान आरोग्य मंदिर” हे नाव देण्यात आले. रंगासाठी पैसे निघाले, हेही नसे थोडके.

याहून वेगळे काही शक्य आहे काय? वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसा खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट हे कुटुंबवैद्य होते. ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. जेथे गरज सर्वाधिक तेथे चांगली सेवा सर्वांत कमी, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक तितकी ही विषमता तीव्र, हा नियम त्यांनी १९७१ साली मांडला. मला त्यांचे मोठेपण नियमापेक्षा कामात वाटते. दवाखान्यात येणाऱ्यांवरच न थांबता त्यांनी गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजला, न येणाऱ्यांना शोधून काढले, आणि हे पंचवीस वर्षे केले. शेजारच्या गावाच्या तुलनेत तेथे अकाली मृत्यू कमी झाल्याचे आढळले. नोंदी त्यांनीही भरपूर ठेवल्या. पण त्या वरच्या कार्यालयासाठी नव्हत्या. पुढच्या वेळी त्याच माणसाला तपासताना उपयोगी पडाव्यात म्हणून होत्या. आपल्या रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या अशाच नोंदी ठेवल्या आणि त्यांतून जगाला उपचार मिळाला. आठवडी अहवालाच्या रकान्यात ते मावले नसते.

केरळमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने २०१७ साली आर्द्रम मोहीम हाती घेतली व प्राथमिक केंद्रांचे रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत सुरू केले. पहिल्या टप्प्यात १७०. तीन डॉक्टर, चार परिचारिका, प्रयोगशाळा, औषधनिर्माता, आणि सायंकाळी सहापर्यंत बाह्यरुग्ण विभाग, जेणेकरून मजुराचा रोज बुडू नये. प्रथम पदे निर्माण केली, फलक नंतर लावले. तरीही केरळविषयी आपण फार बढाई मारू नये. तेथे लोकांच्या खिशातून जाणारा खर्च देशातील मोठ्यांपैकी आहे आणि खासगी रुग्णालयांचे जाळे दाट आहे. २०२५ साली तेथील आशा कार्यकर्त्या मानधनासाठी तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर दीर्घकाळ बसल्या होत्या. हा प्रश्न दुसऱ्यांच्या राज्यात शोषण आणि आपल्या राज्यात आर्थिक अडचण असा मांडता येणार नाही.

तुमच्यापैकी कोणी इंदूरहून आले आहेत, कोणी बेळगावहून, कोणी हैदराबादेहून. प्रत्येक राज्यात यंत्रणेची नावे निराळी, पण कागद तेच. परत गेल्यावर जवळच्या केंद्रात जा. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे विचारा. औषधसाठा नोंदवही पाहा; कोणते औषध किती दिवस शून्य होते आणि मागणी केव्हा गेली होती, ते लिहून घ्या. रुग्ण कल्याण समितीची बैठक शेवटची केव्हा झाली? तीवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. तो आपला असेल तर तो तेथे गेला होता काय? जो डॉक्टर रुग्णाला तुच्छतेने वागवतो, पैसे मागतो, ठरल्या वेळी केंद्रात नसतो, त्याची गय करू नका. असे असतात, मी त्यांच्यासोबत नोकरी केली आहे. पण आरोग्यसेविकेला, औषधनिर्मात्याला, त्या एकट्या डॉक्टरला आपल्या मागणीपत्रावर सही करावीशी वाटेल, असे ते मागणीपत्र असले पाहिजे.

राहिली त्या मोर्चाची गोष्ट. वही वाचून झाल्यावर त्या कॉम्रेडने बराच वेळ काही म्हटले नाही. मग “डॉक्टरसाहेब, ह्या पानाची नक्कल मिळेल का?” एवढेच विचारले. नक्कल मी हाताने करून दिली. पुढे त्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीसही आली. त्यांनी आमच्या दाराचे टाळे काढले आणि दुसऱ्या दिवशी मृत स्त्रीच्या नवऱ्यासह सारा मोर्चा जिल्ह्याच्या औषध भांडारावर नेला. टाळे तेथे लावले. पाचव्या दिवशी कुप्या आल्या, आमच्याच नव्हे तर तालुक्यातील सर्व केंद्रांना. चालकाचे पद भरायला आणखी चौदा महिने लागले.