दाणा वेगळा, कोंडा वेगळा



दीर्घिकेचं रंगीत छायाचित्र वर्तमानपत्रात आलं की आपण ‘वा!’ म्हणतो आणि पान उलटतो. माझी तक्रार आहे ती इथेच. त्या चित्रात तारे आणि वायू यांचा उजेड एकत्र मिसळलेला असतो. दोघांचे नकाशे वेगवेगळे काढल्याशिवाय तिथं काय चाललंय ते कळत नाही.

१९८३ साली ‘आयरास’ उपग्रहानं अवरक्त प्रकाशात आकाश पाहिलं, तेव्हा एरवी मंद वाटणाऱ्या काही दीर्घिका भलत्याच तेजस्वी निघाल्या. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षं दूरची अर्प २२० त्यांतलीच. तिचं तेज सूर्याच्या लाख कोटी पटींहून अधिक आहे. दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या, ताऱ्यांचं पीकच आलं. त्यांचा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि अवरक्त किरण सोडते.

आता धान्य पाखडणं आठवा. सुपात दाणा आणि कोंडा एकत्रच असतात. झटका दिला की दाणा सुपात परत येतो, कोंडा वाऱ्यावर जातो. दीर्घिकांची टक्कर हा तो झटका. तारे इतके विरळ, की एकमेकांवर आपटत नाहीत. वायू मात्र आदळतो, बराचसा केंद्राकडे घसरतो, तिथं नवे तारे पेटतात आणि त्यांचा वारा उरलेल्या वायूला बाहेर लोटतो. इथला वारा सुपातूनच उठतो!

निवडायचं कसं? वर्णपटानं. तारे काळ्या रेषा दाखवतात, आयनीभूत वायू उजळ रेषा. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरचं ‘म्यूज’ हे उपकरण एका वेळी सुमारे ९० हजार वर्णपट घेतं, आकाशाच्या प्रत्येक बारक्या चौकोनाचा एक. रेषा किती सरकली, त्यावरून वेग कळतो. ताऱ्यांचा वेग एक आणि वायूचा भलताच निघाला, तर समजा, कोंडा उडतोय. अर्प २२०मध्ये तो उडताना दिसला आहे. म्हणून पुन्हा सांगतो, आणि कंटाळू नका: एक नकाशा ताऱ्यांचा, दुसरा वायूचा.

धूळ इथंही आडवी येते. हायड्रोजनची लाल रेषा निळसर रेषेच्या सुमारे २.८६ पट तेजस्वी हवी. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून हा आकडा वाढला की धुळीचा अंदाज येतो. पण गाभ्यात लाल रेषाही बुडते. तिथं जेम्स वेबसारखी अवरक्त दुर्बीणच लागते.

एनजीसी ६२४० या दीर्घिकेत तर २००२ साली दोन सक्रिय कृष्णविवरं सापडली. तिथला वायू ताऱ्यांनी किती तापवला आणि कृष्णविवरांनी किती, हे उजळ रेषांच्या प्रमाणावरून... पण वेळ संपत आला.

एवढंच करा. पुढचं चित्र समोर आलं की पान उलटण्याआधी विचारा, यातले तारे कोणते आणि वायू कोणता? मुलांनाही विचारायला लावा.