विद्येचे ऋण : स्थगिती आणि माफी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात शिक्षण-साहाय्य उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



उपसमितीच्या जमाखर्चाचे आकडे अहवालात छापलेले आहेत. ते पुन्हा वाचून आपला वेळ आम्ही घेत नाही. त्या आकड्यांच्या मागे असलेल्या एका प्रश्नाविषयी मात्र चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. शिक्षणासाठी दिलेल्या कर्जाची वसुली केव्हा थांबवावी आणि ते कर्ज केव्हा सोडून द्यावे, हा तो प्रश्न होय.

आपल्या शिक्षणनिधीची रीत सर्वांस ठाऊक आहे. होतकरू विद्यार्थ्यास बिनव्याजी रक्कम द्यावी, त्याने मिळवता झाल्यावर ती हप्त्यांनी परत करावी, आणि त्याच पैशातून पुढच्या मुलाची फी भरली जावी, अशी ही साधी योजना आहे. हप्ते थकविणाऱ्यांची नावे आपण काही वर्षे अहवालाच्या शेवटी छापीत आलो. गेल्या वर्षी एक भगिनी कार्यालयात आल्या. त्यांच्या मुलीने आपल्या निधीतून शिक्षण घेतले, नोकरीही मिळविली. परंतु २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि पुढे वडिलांचे आजारपण आले. त्या माउलीने पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेविले आणि म्हणाल्या, "भाऊ, पैसे आम्ही फेडू हो, एक जेवण कमी करू, पण पोरीचे नाव तेवढे छापू नका. ते वाचल्यापासून ती संस्थेच्या कोणत्याही कार्याला येत नाही." त्या यादीवर सही आमचीच होती. म्हणून आजच्या बोलण्याचा आरंभ आम्ही आमच्याच चुकीपासून करीत आहोत.

आता आपल्या निधीबाहेर बँकेच्या कर्जाची स्थिती पाहू. आज आपल्या बहुतेक घरांतील उच्च शिक्षण बँकेच्या कर्जावर चालते. आई किंवा वडील त्यात सहकर्जदार असतात. रक्कम मोठी असेल तर राहते घरही गहाण पडते. शिक्षण संपून साधारणतः एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, यामुळे पुष्कळ पालक निश्चिंत असतात. परंतु हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी अडीच लाख याप्रमाणे १० लाख रुपये १० टक्के दराने घेतले. सरळव्याजाने हिशोब केला तरी पाचव्या वर्षाच्या अखेरीस साडेतीन लाख रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळविले की पहिला हप्ता भरण्यापूर्वीच कर्ज साडेतेरा लाखांचे होते. दहा वर्षांच्या मुदतीत १० लाखांचा मासिक हप्ता सुमारे १३,२०० रुपये पडला असता; साडेतेरा लाखांचा तो सुमारे १७,८०० रुपये पडतो. म्हणजे नुसत्या थांबण्याची किंमत दरमहा साडेचार हजारांहून अधिक झाली. ज्यांस शक्य आहे त्यांनी शिक्षणकाळातच व्याज भरीत जावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

स्थगिती या शब्दाच्या पोटात असे दोन अर्थ दडलेले आहेत. त्यांतील अंतर एकाच तारखेने आपणांस दाखवून दिले. ती तारीख २७ मार्च २०२०. त्या दिवशी अमेरिकेत महासाथीच्या साहाय्याचा कायदा झाला आणि संघसरकारकडील विद्यार्थी-कर्जांचे हप्ते थांबविण्यात आले. व्याजाचा दर शून्य करण्यात आला. ती सवलत दोन राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत वेळोवेळी वाढत गेली. व्याज पुन्हा सुरू झाले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि हप्ते ऑक्टोबरात. त्याच २७ मार्च रोजी आपल्या रिझर्व्ह बँकेने सर्व मुदती कर्जांचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. ती नंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली. परंतु येथे व्याज थांबले नाही. हप्ता न भरल्याबद्दल व्याजावर व्याज चढणार, असे दिसताच ओरड झाली. तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर, त्यांत शिक्षणकर्जेही आली, चक्रवाढ व सरळव्याज यांतील फरक आपण सोसण्याचे ठरविले. पुढे २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांचे व्याजावरील व्याज कोणाकडूनच घेऊ नये असा निर्णय दिला. मात्र संपूर्ण व्याज माफ करण्यास नकार दिला.

अमेरिकेत शिकणारी आपली मुले या दोन स्थगित्यांच्या मध्ये सापडली. तेथील संघसरकारचे कर्ज तेथील नागरिकांस आणि कायम रहिवाशांसह काही ठरावीक परकीयांसच मिळते. त्यामुळे एकाच वर्गात बसून गेलेल्या दोघांपैकी एकाचे कर्ज होते तेथेच थांबले, आणि मायदेशीच्या बँकेचे कर्ज घेऊन गेलेल्या आपल्या मुलाचे वाढत राहिले. अशा वेळी आईबापांचा रात्रीचा फोन कोणत्या चिंतेने वाजत होता, हे त्या घरांनाच ठाऊक.

स्थगितीनंतर माफीचा विचार करू. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांवर हे सरकारी कर्ज आहे आणि एकूण रक्कम सुमारे १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ठरावीक उत्पन्नाच्या आतील प्रत्येक ऋणकोस १० हजार डॉलरपर्यंत, आणि ज्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठीची पेल अनुदाने घेतली होती त्यांस २० हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. ३० जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना रद्द केली. २००३ च्या ज्या कायद्याचा आधार घेतला होता, त्यातील अटी सैल करण्याच्या अधिकारात एवढी मोठी माफी बसत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. उलट, लोकसेवेच्या नोकरीत राहून १२० हप्ते भरणाऱ्याचे उरलेले कर्ज सोडून देण्याची तरतूद २००७ च्या कायद्यातच होती. ती व तत्सम जुन्या तरतुदी नीट राबविताच जानेवारी २०२५ पर्यंत ५० लाखांहून अधिक ऋणकोंस माफी मंजूर झाली. मोठी घोषणा टिकली नाही; आधीपासून लिहिलेला नियम कामास आला.

हा नियम आपल्या देशास अपरिचित नाही. भारत सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. तीत बिनव्याजी रक्कम मिळे, आणि पुढे जो शिक्षकी पेशा पत्करील त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा सोडून दिला जाई. आपल्या परंपरेने तर मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते. विद्येचे ऋण पैशावाचूनही फेडता येते, हा विचार आपल्या घरातलाच आहे.

सभागृहात काहींच्या मनात आक्षेप उभा राहिला असेल, हे आम्ही जाणतो. ज्यांनी पोटास चिमटा घेऊन आपले हप्ते पुरे केले, त्यांच्यावर माफीने अन्याय होत नाही काय? आणि परत न आलेल्या पैशाने पुढच्या मुलाची फी अडणार नाही काय? दोन्ही आक्षेप खरे आहेत. ज्यास देणे शक्य आहे त्याने एक पैही बाकी ठेवू नये, असेच आमचे मत आहे. चारचाकी दाराशी उभी असताना निधीचा हप्ता विसरणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु जो देऊ शकत नाही त्यास छापील यादीत उभे करून पैसा येत नाही. केवळ मनुष्य जातो.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. पहिली : नोकरी सुटणे, आजारपण किंवा घरातील मृत्यू या कारणांसाठी साध्या अर्जावर एक वर्षाची स्थगिती मिळावी, ती तीन वर्षांपर्यंत वाढविता यावी, आणि अर्ज चिटणीस व उपसमितीचे प्रमुख यांखेरीज कोणी पाहू नये. दुसरी : माफी ही मर्जीने न होता नियमाने व्हावी. ऋणकोचा मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास बाकी संपूर्ण सोडावी; खेड्यातील शाळेत किंवा रुग्णालयात सेवा करणाऱ्यास दरवर्षी दहावा हिस्सा सुटावा. यासाठी मूळ निधीस हात न लावता सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून वेगळा ऋणमोचन निधी उभारावा. दया कितीही आली तरी विश्वस्तांनी आपल्या अधिकारात परस्पर कर्ज सोडू नये. सभेने नियम करावा, म्हणजे तो उद्याच्या समितीसही बांधील. तिसरी : थकबाकीदारांची नावे यापुढे छापू नयेत.

पालकांसही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुलाच्या शिक्षणकर्जाचा भार वधूपक्षाकडे सरकविणे हा हुंडाच होय, मग त्यास कोणतेही गोड नाव द्या. आणि कर्ज काढण्यापूर्वी सरकारी व्याजसवलतींची चौकशी अवश्य करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश घेणाऱ्या व आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांस, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळात तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. अर्ज भरण्याच्या कामी उपसमिती साहाय्य करील.

त्या भगिनींचे पाकीट आम्ही त्या दिवशी परत केले आणि सभेचा निर्णय होईपर्यंत थांबावे अशी विनंती केली. निर्णय आता आपल्या हाती आहे. तो अनुकूल झाला, तर पुढच्या संमेलनाचे निमंत्रण देण्यास आम्ही स्वतः त्या घरी जाऊ. ती मुलगी आली, तर निधीचा एक थकलेला हप्ता वसूल झाला असे आम्ही समजू.