काळवंडलेले बोट आणि निदानाचा विवेक
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि हिशेब तपासणाऱ्यास एवढे ठाऊक असते की, दोन खात्यांतील तूट सारखी दिसली तरी तिचे कारण एकच असेल असे नाही. शरीराचेही तसेच आहे.

पायाचे बोट अकस्मात निळे-जांभळे पडते, कातडीवर जाळीदार डाग उमटतात, मूत्रपिंडाचे कार्य मंदावते. हे चित्र व्हॅस्क्युलायटिसचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचे भासते. परंतु कधी कधी खरे कारण महाधमनीत साचलेला चरबीचा थर हे असते. तो थर फुटतो आणि कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक वाहत जाऊन लहान धमन्यांत अडकतात. डेन्मार्कचे पानुम यांनी १८६२ सालीच याची नोंद केली होती. अशा वेळी पावलाची नाडी बहुधा लागते. त्यामुळे घरची माणसे निर्धास्त राहतात.

येथे भेद ओळखणे जिवाच्या मोलाचे असते. दाहावर स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. तीच मधुमेही रुग्णास विनाकारण दिल्यास साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. उलट खरा दाह दुर्लक्षिला गेल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणून डॉक्टर तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि नुकतीच झालेली अँजिओग्राफी यांची विचारपूस करतात. रक्त, लघवी, डॉप्लर आणि प्रसंगी कातडीचा तुकडा तपासतात. दोष चरबीच्या थराचा ठरल्यास तंबाखू कायमची सोडणे, स्टॅटिन, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि पावलांची निगा हाच उपचाराचा पाया होय; काहींना शस्त्रक्रियाही लागते.

भोकरहून पुढील तपासणीसाठी नांदेडचा रस्ता धरावा लागतो. २०१२ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. तथापि दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या व प्रवासाचा भार बहुधा घरावरच पडतो. देणगीदारहो, आपल्या रुपयाचे मोल तेथे आहे.

आप्तेष्टांना एकच विनंती : बोट काळवंडल्यास शेक देऊ नका, मनाने गोळ्या आणू नका, जुने सर्व कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.