सुताराच्या पेटीतली पत्री
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, फरशी यांची चर्चा होते. सुताराच्या पेटीतल्या लहानशा पोलादी पत्रीचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक, जुन्या सभामंडपाचे सागवानी खांब मूळ नक्षीसह पुढच्या पिढीच्या हाती पडणार की नाही, हे पुष्कळदा ह्या पत्रीवर ठरते.

पत्री म्हणजे साधारण सहा इंच लांब, अडीच इंच रुंद आणि जाडीने मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असा चिवट पोलादाचा चौकोनी तुकडा. तिला मूठ नाही, दांडा नाही. मोडक्या हातकरवतीच्या पात्यातूनही ती निघते. काही सुतार फुटक्या काचेच्या तुकड्याने हेच काम करतात. पण काचेची धार टिकत नाही आणि बोट कापण्याचे भय असते.

लाकडात गाठ असली किंवा रेषा उलटसुलट फिरलेल्या असल्या, तर रंधा त्या रेषा उपटतो आणि खड्डे पडतात. काचकागद कापत नाही, घासतो. त्याची बारीक धूळ लाकडाच्या छिद्रांत बसते व रंग मंद दिसतो. पत्री मात्र कापते, आणि तेही इतके पातळ की छिलका कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. खालची रेषा स्वच्छ उमटते.

तिची सारी विद्या धारेत आहे. प्रथम कड कानशीने काटकोनात सपाट करतात. मग दगडावर घासून कानशीचे ओरखडे घालवतात. शेवटी पत्रीहून कठीण असा गुळगुळीत पोलादी गज किंचित कलता धरून कडेवरून दाबून तीन-चार वेळा ओढतात. त्याने कडेचे पोलाद बाजूला वळून सूक्ष्म आकडी तयार होते. ती डोळ्यांना नीट दिसत नाही, अंगठ्याला जाणवते. लाकूड कापते ती हीच आकडी.

पत्री दोन्ही हातांत धरून, मागून अंगठ्यांनी थोडी वाकवून, पुढे कलती ठेवून ढकलावी लागते. छिलक्याऐवजी भुसा पडू लागला की आकडी बोथट झाली असे समजावे. सागात सिलिकाचा अंश असल्याने हे लवकर घडते. घर्षणाने पत्री तापते आणि अंगठे पोळतात. साग, शिसव अशा कठीण लाकडावर ती उत्तम चालते. मऊ लाकडाचे तंतू मात्र तिच्याखाली दबतात.

ही पत्री केवळ खेड्यातल्या सुताराची नव्हे. इटलीतील क्रेमोना गावचे व्हायोलिन करणारे कारागीर आजही वाद्याचा पातळ पृष्ठभाग पत्रीनेच पुरा करतात, कारण तेथे केसभर जास्त लाकूड गेले तर आवाज बदलतो.

जुन्या खांबांचेही तसेच आहे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आहेत. अशा खांबांचे सौंदर्य पाकळीच्या तीक्ष्ण कडेत असते. घासण्याचे विजेचे यंत्र उंचवट्यावर आधी चालते. कड गोल होते, पाकळी बोथट होते, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. पत्री गोलाईच्या मापाने घासून घेता येते व खोबणीतही शिरते.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. दुसरे, घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांस ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटात शिसे असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा खरवडू नये वा यंत्राने उडवू नये. तो ओला करून काढावा, तोंडावर योग्य मास्क असावा, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. रंग निघाल्यावर उघड्या लाकडावर पत्री चालवावी.

हे काम सावकाशीचे आहे, त्यामुळे मजुरी वाढते, ही गोष्ट खरी. पण जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात रंगाला रकाना असतो, पॉलिशला असतो, यंत्राच्या भाड्यालाही असतो. पत्री चालवणाऱ्या हातांसाठी आणखी एक रकाना आखला, तर खांबही राहतील आणि कसबही राहील.