तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश
(हिंगोली जिल्ह्यातील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाला चालायला शिकवायची गरज नाही. वसमतकडं हळदीच्या रानात हयात घालवलेली माणसं आज समोर बसली आहेत. शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा तिच्यामागं सत्तरीतले पाय असतात. पण साठी उलटली की घरचे म्हणू लागतात, "आबा, हळू चाला." आबा हळू चालतात, आणि मग कायमचेच हळू चालतात. या मायेच्या सूचनेवर माझा आक्षेप आहे.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. ते नुसतं वेष्टन आहे, असं फार काळ समजलं जाई. अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली सशाच्या रक्तवाहिनीवर दाखवलं, की अस्तर शाबूत असलं तर एका विशिष्ट औषधानं वाहिनी सैलावते आणि ते खरवडलं गेलं असलं तर सैलावत नाही. अस्तरातून निघणारा तो पदार्थ पुढं सापडला: नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. त्या शोधासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट आणि आणखी दोघांना मिळालं.

हा वायू अस्तराकडून काढून घ्यायचा सोपा उपाय म्हणजे रक्ताचा वेग वाढवणं. रक्त जोरात वाहिलं की अस्तरावर घासतं, अस्तर जागं होतं, वाहिनी रुंदावते. वयानं अस्तराचा हा प्रतिसाद मंदावतो आणि मोठ्या धमन्या ताठरतात. म्हणून उतारवयात बीपीचा वरचा आकडा चढतो. रमतगमत चालण्यानं रक्ताला जोर येतो, पण बेताचाच.

जपानमध्ये मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी पद्धत बसवली. तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश, अशा किमान पाच फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. त्यांनी २४६ जणांवर पाच महिने केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ६३. वेग बदलत चालणाऱ्यांची मांडीची ताकद पुढून १३ टक्के, मागून १७ टक्के वाढली, आणि बीपीचा वरचा आकडाही एकसारखं चालणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. आपल्याला हे परकं वाटायला नको. वारकरी तरी दिवसभर एकाच चालीनं कुठं चालतो? मध्येच पावली धरतो, फुगडी घालतो, मग विसाव्याला टेकतो.

झपझप म्हणजे किती? दोन शब्द बोलता यावेत, पण अभंग म्हणता येऊ नये, इतकं. घड्याळ लावून एकदाच बघा, तीन मिनिटांत रस्त्याचे किती खांब मागं पडतात. पुढं खांबच मोजा. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघा. आयाबायांनी चौघीजणी मिळून जावं, म्हणजे भरभर चालताना कुणी बघेल याचा संकोच उरत नाही. छातीत दुखत असेल, बीपी आटोक्यात नसेल, हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर असेल तर रोज तळपाय बघा.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. थोडं चाललं की पोटरी दुखते, थांबलं की दुखणं थांबतं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखते, असं होत असेल तर "वात आहे" म्हणून तेल चोळत बसू नका. विडी ओढणाऱ्यांनी आणि साखर असणाऱ्यांनी तर नाहीच. पायाची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, आणि तिथं अरुंद असेल तर हृदयाकडंही धोका असतो. गंमत म्हणजे, यावरच्या उपचारांत देखरेखीखालचं चालणंच मोठं आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पण निदान आधी. उद्याच दवाखान्यात जा आणि दोन्ही घोट्यांपाशी नाडी लागते का, ते तपासून घ्या.