दवाखान्याची दुसरी खेप

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या शाळेत तीस वर्षे खडू झिजवला, त्याच शाळेच्या व्यासपीठावर पाहुणा म्हणून बसायचे म्हणजे माणूस थोडा अवघडतो. चिटणीस साहेबांनी मला 'विद्यार्थी आणि आरोग्य' हा विषय दिला होता. मी त्यांना म्हटले, दात, डोळे आणि रक्तक्षय यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्या आजाराविषयी आपल्या मोहल्ल्यात कोणी तोंड उघडत नाही, त्यावर मला बोलू द्या. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, बोला. गरज आहे."

हा आजार मनाचा. आपल्याकडे त्याला सरसकट वेड म्हणतात. येथे बसलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना आठवत असेल, वर्गात एखादा मुलगा खिडकीबाहेर टक लावून बसला की मी म्हणत असे, "याला ठाण्याला पाठवायला हवे." वर्ग हसत असे, आणि मलाही आपण फार विनोदी आहोत असे वाटत असे. त्याच काळात माझ्या स्वतःच्या घरात, मागच्या खोलीत माझा सख्खा धाकटा भाऊ होता, ही गोष्ट मात्र मी शिक्षकांच्या खोलीतही कधी बोललो नाही. आज बोलणार आहे.

१९८० साली तो एकोणीस वर्षांचा होता आणि माग चालवीत असे. हात चांगला होता. प्रथम त्याची झोप गेली. मग जेवणात कोणी काही कालवते असे तो म्हणू लागला. पुढे मागाच्या खडखडाटात आपले नाव ऐकू येते, माग आपल्याला शिव्या देतात, असे सांगून तो कारखान्यातून पळून येऊ लागला. आज ही लक्षणे कोणत्याही डॉक्टरसमोर ठेवली तर तो दहा मिनिटांत म्हणेल की हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, तपासायला हवे. परंतु आम्ही त्याला नजर लागली असे ठरविले. नंतर 'बाहेरचे' ठरविले. नंतर लग्न केले म्हणजे सुधारेल असेही ठरविले. ते सुदैवाने जमले नाही, नाहीतर परक्याच्या एका मुलीचे आयुष्य त्यात गेले असते.

आम्ही कोठे कोठे गेलो ते थोडक्यात सांगतो. एक आमिल झाला, दोन झाले. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात चाळीस दिवस राहिलो. दुसऱ्या शहरात एका खाजगी डॉक्टरकडे नेले. त्यांनी सुया टोचून झोपवून ठेवले, पण आजार काय आहे हे एका शब्दाने सांगितले नाही. अब्बांचे चार माग होते, त्यांतले दोन या फेऱ्यांत विकले गेले. १९८६ साली बहिणीचा निकाह होता. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून त्या दिवशी भावाला खाटेला बांधून ठेवले. दोर मी बांधला. मांडवात बिर्याणी वाढताना त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकावर कव्वाली मोठ्याने लावायला सांगणाराही मीच.

१९९२ साली एका सरकारी दवाखान्यात त्याला पहिल्यांदा नीट औषध मिळाले, म्हणजे बारा वर्षांनी. तीन आठवड्यांनी एके सकाळी त्याने आपण होऊन अंघोळ केली आणि अम्माकडे चहा मागितला. अम्मा चहा करायचे सोडून रडत बसली.

पालक हो, कथा येथे संपली असती तर मी आज बोलायला उभा राहिलो नसतो. गोळ्यांनी त्याचे हात थरथरू लागले, मान आखडू लागली. अम्मा म्हणाली, औषधाने पोरगा लुळा होतो आहे, बंद करा. आम्ही बंद केले. चार महिन्यांत सारे पुन्हा सुरू झाले. वास्तविक त्या थरथरीवर दुसरी एक साधी गोळी असते, किंवा औषध बदलून देता येते. पण त्यासाठी दवाखान्यात दुसऱ्यांदा जावे लागते, आणि आम्ही गेलो नव्हतो. पुढे आणखी दोनदा औषध तुटले. एकदा रमजानमध्ये, एकदा दवाखान्यातील साठा संपला म्हणून. प्रत्येक वेळी तो उठून उभा राहिला खरा, परंतु प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा कमी. पहिली खेप आपण जीव मुठीत धरून, चार माणसांना घेऊन करतो. आजार बरा होण्या न होण्याचा निकाल दुसऱ्या, पाचव्या आणि विसाव्या खेपेवर लागतो, आणि त्या खेपेला बरोबर कोणी नसते.

आता सरकारी व्यवस्थेविषयी. आपल्या लोकांची समजूत अशी की मनाच्या आजारासाठी ठाणे किंवा येरवडा गाठावे लागते. राज्यात शासनाची जुनी मनोरुग्णालये चारच आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशात एकही नाही. त्यांतले जवळचे ठाणे, तेही धुळ्याहून सुमारे तीनशे किलोमीटर. पण बहुसंख्य रोग्यांना तेथे जाण्याची गरजच नसते. १९८२ साली देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यामागचा विचार कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात आधी करून पाहिलेला होता: रोग्याने मोठ्या इस्पितळाकडे जाण्याऐवजी उपचाराने रोग्याच्या तालुक्यापर्यंत यावे. माझा भाऊ १९८० मध्ये आजारी पडला तेव्हा यातले काही नव्हते. आज आहे, आणि तरी आपण जात नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटते.

धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे काम जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत चालते. शिरपूर, साक्री, शिंदखेड्याच्या पालकांनी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावे की मानसोपचाराचे पथक कोणत्या दिवशी येते. आशाताईंना विचारले तरी चालेल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे खाते निराळे, तेथे केसपेपरचे शुल्क द्यावे लागले तर द्यावे. आमिलाच्या एका बैठकीपेक्षा ते पुष्कळ कमी असते.

जाताना सकाळी लवकर जा. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि आधीच्या डॉक्टरांचे सगळे कागद बरोबर घ्या. चुलीत घातले नसतील तर. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा घ्या. आणि मुख्य म्हणजे रोग्याबरोबर राहणारे माणूस न्या. आपल्याकडे पुरुष मंडळी दवाखान्यात जातात. पण रात्री तो किती झोपला, काय पुटपुटला, जेवला की नाही, हे आईला किंवा बायकोला माहीत असते, आणि ती घरी राहते. डॉक्टर विचारतात, बाप म्हणतो, "सब ठीक है, थोडा गुस्सा करता है." यावर डॉक्टरांनी काय लिहावे? प्रथम निवासी डॉक्टर, म्हणजे शिकणारे तरुण डॉक्टर, अर्धा तास प्रश्न विचारतील. पोराने आपल्याला एवढे का विचारावे म्हणून रागावू नका. मनाच्या आजारात रोग ओळखण्याचे मुख्य साधन ही विचारपूसच आहे. थायरॉईडसाठी रक्तही तपासतील, कारण थायरॉईड बिघडल्यानेही माणूस उदास किंवा अस्वस्थ होऊ शकतो.

उठताना दोन गोष्टी विचारल्याखेरीज उठू नका. या गोळीचा त्रास काय होईल, आणि पुढची तारीख कोणती? उदासीच्या आजारात गोळीचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतो. हे ठाऊक नसल्यामुळेच बरेचजण दहाव्या दिवशी गोळी टाकून देतात. रोज गोळी घेणे ज्याला जमत नाही त्याच्यासाठी काही आजारांत महिन्यातून एकदा घेण्याचे इंजेक्शन असते, तेही विचारा. गोळी दवाखान्यात नसेल तर लिहून घ्या, बाहेरून घ्या, पण खंड पडू देऊ नका.

हा काही मेहेरबानीचा मामला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे प्रत्येक माणसाला सरकारी मानसोपचार मिळण्याचा हक्क आहे. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही, आणि सेवा अशी असावी की रोग्याला लांबचा प्रवास करावा लागू नये. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळाली पाहिजेत. साखळीने बांधणे या कायद्याने वर्ज्य आहे. २०१३ चा आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदाही भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा मानतो. या दोन्ही कायद्यांपुढे १९८६ सालचा मी गुन्हेगारच ठरलो असतो. आणखी एक. विष घेतलेल्या मुलाला पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात उशिरा नेतात. कलम ११५ असे मानते की जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत. भीती नको, लगेच न्या.

आता दर्ग्याविषयी बोलतो, कारण मनात अनेकांच्या तोच प्रश्न आहे. मी दर्ग्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. उनाव्यात आम्हाला कोणी मारले नाही, अम्माला तेथे धीर मिळाला, आणि धीर ही लहान गोष्ट नाही. परंतु ज्या उनाव्यात आम्ही चाळीस दिवस डॉक्टरवाचून काढले, तेथेच पुढे 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याजवळ मानसोपचारतज्ज्ञ बसतात आणि खादिम मंडळी रोग्यांना त्यांच्याकडे पाठवितात. दुसऱ्या बाजूला ६ ऑगस्ट २००१ आठवा. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमास आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. ती बातमी मी याच शाळेच्या वाचनालयात वाचली, आणि त्या दिवशी पुढचा तास घेतला नाही. आपल्या इतिहासात साखळीशिवाय दुसरेही काही आहे. १२८४ साली सुलतान कलाऊनने कैरोत बांधलेल्या इस्पितळात मनाच्या रोग्यांसाठी वेगळा विभाग होता. आजार आहे तर इलाजही आहे, ही शिकवण आपण मलेरियाला लावतो आणि मनाला लावीत नाही, एवढेच.

रमजानचे सांगायचे राहिले. रोजे ठेवायचे म्हणून गोळ्या बंद करू नका. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच गोळ्यांची वेळ इफ्तार आणि सहरीला जुळवता येते. लिथियम नावाची गोळी चालू असेल तर मात्र विशेष जपा. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की तिचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होते, आणि रमजान उन्हाळ्यात आला म्हणजे आपल्या धुळ्याचे ऊन काय असते हे मी सांगायला नको. आजारी माणसाला रोज्यांची सवलत खुद्द कुराणाने दिली आहे. ती साखरेच्या रोग्याने घेतली तर आपण काही म्हणत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडेच. झोप उडणे, अभ्यासात लक्ष न लागणे, कारण नसताना रडू येणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, असे दोन आठवडे चालले तर तो आळस नव्हे आणि ईमानाची कमजोरीही नव्हे. घरात सांगता येत नसेल तर शाळेत एका शिक्षकाला सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. मैत्रिणीने किंवा मित्राने जीव देण्याची भाषा केली तर ते गुपित ठेवायचे नसते.

२०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. त्यात असे आढळले की बहुतेक मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रोगी उपचारावाचून आहेत. हे आकडे वाचले की मला आमची मागची खोली दिसते.

माझा भाऊ २०१९ साली हृदयविकाराने गेला. शेवटची बावीस वर्षे त्याची गोळी तुटली नाही. माग त्याला पुन्हा चालवता आला नाही, पण त्याने कांड्या भरल्या, बाजार आणला, माझ्या नातवंडांना शाळेत सोडले. बहिणीच्या मुलीच्या निकाहात तो पहिल्या रांगेत बसला होता. अत्तराची कुपी त्याच्याच हातात होती.

त्याची दवाखान्याची फाईल मी आज बरोबर आणली आहे. कार्यक्रमानंतर मी बाहेर पायऱ्यांजवळ बसतो. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, आणि ज्यांना रांगेत सोबत हवी असेल त्यांनी नुसता दिवस सांगावा. सकाळची वेळ मला मोकळी असते.