गाळ धरणात, गाव पाण्यात



नाशिकला भरलेल्या जलअभियंत्यांच्या परिषदेत अध्यक्षाने समुद्रावर बोलावं, हे काहींना खटकलं आहे. विषय कळवला तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला, “अहो, समुद्र कशाला? गिरणा घ्या!” गिरणाही घेणार आहे, पण खाडीच्या वाटेने.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. तेच वादळ घाट चढून वर आलं आणि त्याचा पाऊस आपण इथे नाशकात झेलला. म्हणजे समुद्र नाशिकला येतो. आणि नाशिक समुद्राकडे जातं, ते रोज. त्र्यंबकच्या डोंगररांगेत गोदावरी पूर्वेला निघते आणि तिथून अगदी जवळ उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरून अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. पेठ-सुरगाण्याकडून दमणगंगा, नार आणि पार खाली जातात. दोन्ही समुद्रांना पाणी पाठवणारा हा जिल्हा आहे. पाण्याबरोबर तो आणखी एक गोष्ट पाठवत असे, माती आणि वाळू. माझं आजचं बोलणं मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी समुद्राची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते. उत्तर हिंदी महासागरातल्या सर्वांत दीर्घ नोंदींपैकी ही एक. तिच्यावरून शतकभरात मुंबईजवळ समुद्र वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या आसपास चढत होता असं दिसतं. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात समुद्र चढण्याची जगाची सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेली. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळं वाढली आहेत, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ सातत्याने दाखवत आले आहेत. फयान २००९, निसर्ग २०२०, तौक्ते २०२१ ही नावं आता किनाऱ्यावरच्या पोरांनाही पाठ आहेत.

मिलिमीटर ऐकून सामान्य माणूस हसतो. आपण हसू नये. बंधाऱ्याचा माथा आणि उधाणाची सर्वोच्च पातळी यांच्यात आपण जो फ्रीबोर्ड ठेवतो, तो मोजकाच असतो. त्यातले वीस सेंटिमीटर समुद्राने खाल्ले, तर अमावास्येच्या भरतीला नैऋत्येचा वारा मिळाला की पाणी माथ्यावरून येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. मिठी नदीचं पाणी बाहेर पडायला वाट शोधत होतं आणि दारातच समुद्र उभा होता. कोकणातल्या प्रत्येक खाडीकाठच्या गावात हेच घडतं, फक्त तिथे कॅमेरे नसतात.

आता जमिनीच्या बाजूकडे येऊ. किनारा पाण्याच्या पातळीवर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच मागून येणाऱ्या गाळावरही. गंगापूर धरण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. त्याची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट. आज आपण वर्तमानपत्रात धरण ‘शंभर टक्के’ भरल्याचं वाचतो, तेव्हा आकडा असतो ५,६३० चा. उरलेल्या जागेत गाळ बसला आहे. साधारण ४ कोटी ४० लाख घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरच्या ४४ लाख खेपा. गंगापूर नसतं तर तो सगळा समुद्रात गेला असता असं नाही, वाटेत जायकवाडी आहे, आणि पुढे आणखी धरणं आहेत. पण मुद्दा तोच आहे. प्रत्येक धरण आपापला वाटा ठेवून घेतं आणि शेवटच्या टोकाला हिशेब लागत नाही.

तो कुठे लागत नाही, ते आंध्रात दिसतं. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत असे. १९९०च्या दशकात ते प्रमाण ६ कोटी टनांच्या खाली आलं. आंध्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नकाशे लावून दाखवलं की १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी अठराशे हेक्टरांहून अधिक जमीन समुद्राने घेतली. काकिनाड्याजवळचं उप्पाडा हे कोळ्यांचं गाव वर्षानुवर्षं मागे सरकतं आहे. कुंभमेळ्यात ज्या गोदेत आपण डुबकी मारतो, तिच्या दुसऱ्या टोकाची ही गोष्ट आहे.

पश्चिमेकडे चित्र जरा वेगळं आहे. कोकणचा किनारा मुळात खडकाळ. वाळूच्या पुळणी दोन भूशिरांच्या कुशीत, नदीच्या तोंडाशी, तुकड्या-तुकड्यांनी असतात. वाळू मुळातच थोडी, म्हणून तिचं मोल जास्त. वैतरणेवर इगतपुरीत ऊर्ध्व वैतरणा, खाली १९५७चा मोडक सागर, मध्ये २०१४चं मध्य वैतरणा. मुंबईची तहान भागते, याबद्दल तक्रार नाही. पण या धरणांना चुकवून जी वाळू खाडीत पोहोचते, तिच्यावर सक्शन पंप लागलेले असतात. वैतरणेवरच्या रेल्वेच्या ९२ क्रमांकाच्या पुलाला वाळूउपशाने धोका झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. पूल हलला की रेल्वे जागी होते. अर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतीची वस्ती हलते तेव्हा कोण जागं होतं? धुपीचं कारण एकच असतं असं मी म्हणत नाही. जेट्ट्या, भराव, लाटांची दिशा, सगळं त्यात आहे. पण गाळाचं कारण आपल्या खात्यातलं आहे, म्हणून ते आपण बोललं पाहिजे.

किनारा खचला की गाव मोर्चा काढतं, पुढारी आश्वासन देतो आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं टेंडर निघतं. रत्नागिरीचा मिऱ्या बंधारा पाहा. दगड टाकले, ते गेले. टेट्रापॉड टाकले. आशियाई विकास बँकेच्या पैशातला किनारा संरक्षण प्रकल्पही तिथे आला. निसर्गच्या दिवशी ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज नांगर तुटून याच बंधाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढायला येऊ लागले. भिंत जिथे आहे तिथलं घर वाचवते, हे खरं. पण तिच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू नेते आणि भिंत जिथे संपते त्याच्या पुढच्या गावाला धूप लागते. मग पुढचं गाव मोर्चा काढतं.

याहून जुनी आणि माझ्या मते अधिक शहाणी रचना रायगडात आहे. पेण, अलिबागच्या खारेपाटात खाडीच्या मातीचे बांध घालून भातशेती केलेली आहे. समुद्राकडचा तो बाहेरकाठा. त्यात ठरावीक अंतरावर उघाड्या, म्हणजे झडपेची दारं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की तीच झडप पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. ना वीज, ना ऑपरेटर. बांधाचा खरा शत्रू लाट नव्हे, खेकडा. त्याच्या बिळातून आधी बोटभर पाणी झिरपतं. ते त्या रात्री दिसलं नाही, तर पहाटेपर्यंत बांध फुटून खांड जाते आणि शेकडो एकर खाऱ्या पाण्याखाली. म्हणून उधाणाच्या दिवसांत माणसं बांधावरून फिरत, हातात फावडं, आणि झिरपा दिसला की तिथल्या तिथे चिखल ठोकत. शेतकऱ्यांच्या या सामूहिक राखणीला ‘जोळ’ म्हणत. शिवारात खारं सोसणारा राता भात पेरत.

१९४८चा खार जमिनींचा कायदा आला, मग १९७९चा खारभूमी विकास कायदा. बांध सरकारी योजनेत गेले, जोळ विरले, तरुण कारखान्यांत गेले. आता खांड गेली की अर्ज जातो, अंदाजपत्रक होतं, मंजुरी येईपर्यंत दोन पावसाळे सरतात. तोवर शेतात तिवरं उगवतात. तिवरं उगवली की ते कांदळवन, आणि कांदळवनाला हात लावायला मनाई. सातबाऱ्यावर भात, जमिनीवर जंगल आणि शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही. कांदळवन वाचलंच पाहिजे, ते किनाऱ्याचं पहिलं संरक्षण आहे. पण ते सरकारच्या दिरंगाईतून उगवलं असेल, तर त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी, याचं उत्तर कोणत्याही खात्याकडे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटींची तरतूद सुचवली. ओडिशाने सातभाया गावच्या लोकांना बागपाटियाला नेऊन वसवलं. आपल्याकडे पुनर्वसन हा शब्द अजून धरणापुरताच वापरला जातो.

आता गिरणा. नार-पारचं पश्चिमेला उतरणारं पाणी गिरणा खोऱ्यात वळवणाऱ्या नार-पार-गिरणा योजनेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ७,०१५ कोटींची. गिरणा खोऱ्याची तहान मी जवळून पाहिली आहे, योजनेला माझा विरोध नाही. पण प्रत्येक व्यासपीठावरून ती ‘समुद्रात वाया जाणाऱ्या पाण्या’च्या नावाने मांडली जाते, तिथे अभियंता म्हणून मी थांबतो. ते पाणी खाडीचा खारेपणा मागे ढकलतं, मासळीची पिल्लं जगवतं, किनाऱ्याला गाळ देतं. त्यातलं किती उचलायचं, हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब दोन्ही रकाने भरल्याशिवाय होत नाही. आपण वरचा रकाना भरतो, कारण त्याला मतदार आहेत. खालचा रकाना वलसाडच्या किनाऱ्यावर, म्हणजे दुसऱ्या राज्यात पडतो.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आलेल्या मुला-मुलींनो, गाळाची मोजणी दिंडोरी रस्त्यावरच्या आपल्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत उपग्रहचित्रांवरून होते. किनाऱ्याच्या भिंतींचे अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होतात. बंदरं आणि जेट्ट्या सागरी मंडळाकडे, खारबांध खारभूमी विभागाकडे. एकाच नदीचे चार तुकडे, चार कार्यालयांत. या चौघांनी एका टेबलावर बसावं, एवढी साधी मागणी करायला हे व्यासपीठ पुरेसं आहे.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनासाठी मी एक ठराव दिला आहे. पश्चिमवाहिनी नद्यांवरच्या प्रत्येक धरणाचा गाळाचा आकडा, त्या नदीच्या मुखाशी किनारा किती सरकला त्या आकड्यासोबत, दरवर्षी जाहीर व्हावा. नव्या प्रवाही वळण योजनांच्या प्रकल्प अहवालात खाडीवरच्या परिणामाचं स्वतंत्र प्रकरण असावं. आणि खारबांधांची खांड पंधरा दिवसांत बुजवण्यासाठी गावाच्या हाती निधी द्यावा, मंजुरी मागाहून घ्यावी. पटत नसेल तर माईकवर या आणि विरोध करा, मी उत्तर देईन. फक्त ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी कार्यकारिणीकडे’ असा शेरा मारून तो गुंडाळू नका.